शाओलिनच्या दारातून हललेल्या शाळा



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते तेव्हा बुद्धगया, सारनाथ, अजिंठा, कार्ले यांवर कोणी ना कोणी लिहितंच. ते लिहायलाच हवं. यंदा मात्र मी जरा लांबचा विषय घेतला आहे. चीन देशातल्या शाओलिन विहाराचा. तुम्ही म्हणाल, गिरणी कामगाराला चीनचं काय पडलंय? तर त्याचं कारण असं की आपल्या वस्तीतल्या लहान पोरालासुद्धा शाओलिन हे नाव ठाऊक आहे. पण ते सिनेमामुळे ठाऊक आहे. हवेत उड्या मारणारे, विटा फोडणारे, मुंडन केलेले साधू, एवढीच त्याची ओळख. हा एक बौद्ध विहार आहे, तो एका भारतीय भिक्खूसाठी बांधला गेला, हे फार थोड्यांना माहीत असते. आणि या विहाराच्या दारात कुंग फू शिकवणाऱ्या शाळांची जी रांग उभी राहिली होती, ती २००० सालानंतर तिथून हलवण्यात आली, हे तर कोणाच्या कानावरही आलेले नसते.

त्या शाळा का आल्या, का गेल्या, आणि गेल्यावर विहाराचे काय झाले, हा इतिहास विहार चालवणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

विहार कसा उभा राहिला

चीनच्या हेनान प्रांतात सोंगशान नावाचा डोंगर आहे. त्याच्या एका भागाला शाओशी म्हणतात. त्या शाओशीच्या जंगलातला विहार म्हणून शाओलिन. ‘लिन’ म्हणजे जंगल, झाडी. जवळचे शहर डेंगफेंग, साधारण १२-१३ किलोमीटरवर.

इ. स. ४९५ मध्ये उत्तर वेई घराण्याचा सम्राट शियाओवेन याने हा विहार बांधवला. त्याने नुकतीच आपली राजधानी लोयांगला आणली होती आणि तिथून हा डोंगर फार लांब नाही. विहार बांधला तो भारतातून गेलेल्या एका भिक्खूसाठी. चिनी लोक त्यांना बातुओ म्हणतात. ते ध्यानाचे आचार्य होते, माणसांच्या गर्दीपासून दूर राहून साधना करणे त्यांना आवडे, म्हणून राजाने डोंगरातली जागा दिली. म्हणजे बघा, या विहाराचा पहिला आचार्य आपल्या देशातला, आणि पहिले कारण शांतता.

त्यानंतर बोधिधर्म. हेही भारतातूनच गेले, दक्षिण भारतातून, असे परंपरा सांगते. विहाराच्या वरच्या डोंगरात एक गुहा आहे, तिथे त्यांनी ९ वर्षे भिंतीकडे तोंड करून ध्यान केले अशी कथा आहे. आपल्या ‘ध्यान’ शब्दाचे चीनमध्ये ‘चान’ झाले आणि पुढे जपानात ‘झेन’ झाले. या चान पंथाचे पहिले आचार्य म्हणून बोधिधर्मांना मान आहे.

आता एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे. बोधिधर्मांनीच भिक्खूंना कुंग फू शिकवले असे सर्रास सांगितले जाते. आपल्याकडचे कराटे मास्तरही छाती फुगवून सांगतात की ही विद्या मूळ भारताचीच. ऐकायला बरं वाटतं. पण पुरावा काय म्हणतो? ज्या ग्रंथाच्या आधारे हे सांगतात तो ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, म्हणजे बोधिधर्मांनंतर हजार वर्षांनी लिहिलेला. तांग हाओ नावाच्या चिनी अभ्यासकाने १९३० साली पुस्तक लिहून ही कथा खोडून काढली. भगवान बुद्धांनी कालामांना जो उपदेश केला तो आपण वंदनेनंतर नेहमी ऐकतो. परंपरा सांगते म्हणून मानू नका, पारखून घ्या. मग तो उपदेश आपल्याला आवडणाऱ्या कथेलाही लावला पाहिजे. बोधिधर्मांचे मोठेपण ध्यानात आहे. त्यांना उगाच पैलवान करायची गरज नाही.

भिक्खूच्या हाती काठी कशी आली

मग पाणातिपाता वेरमणी म्हणणाऱ्या भिक्खूच्या हातात काठी आली कुठून? याचे उत्तर जमिनीत आहे.

सुई घराण्याच्या सम्राटाने शाओलिनला मोठी जमीन इनाम दिली होती. जमीन आली की धान्य आले, कोठार आले, आणि कोठार आले की दरोडेखोर आले. सुई राज्य कोसळले तेव्हा विहारावर हल्ला झाला, आग लागली. पुढे वांग शिचोंग नावाच्या सेनापतीच्या माणसांनी विहाराची ती जमीनच ताब्यात घेतली. तेव्हा इ. स. ६२१ मध्ये शाओलिनच्या भिक्खूंनी वांगच्या विरोधात असलेल्या ली शिमिनची बाजू घेतली आणि वांगच्या पुतण्याला पकडून दिले. हा ली शिमिन पुढे तांग घराण्याचा सम्राट झाला. त्याने भिक्खूंना मान दिला, त्यांची जमीन त्यांना मिळाली. इ. स. ७२८ मध्ये हे सगळे एका शिळेवर कोरून ठेवण्यात आले. ती शिळा आजही विहारात आहे, आणि त्यात या कामी आलेल्या १३ भिक्खूंची नावे आहेत.

म्हणजे भिक्खू लढले हे खरे. पण ते धम्मासाठी लढले की जमिनीसाठी, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो. एवढे मात्र म्हणतो, शाओलिनच्या इतिहासात पुढे जे जे घडले, त्यात ही जमीन पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

मिंग राजवटीत, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकात, शाओलिनची काठी सगळ्या चीनमध्ये प्रसिद्ध झाली. किनाऱ्यावर लुटारूंनी धुमाकूळ घातला तेव्हा १५५० नंतरच्या दशकात तिथले भिक्खू सरकारच्या बाजूने लढायला गेले. चेंग चोंगयू नावाच्या एका गृहस्थाने विहारात राहून अनेक वर्षे काठी शिकून तिच्यावर पुस्तकच लिहिले. विहारात सहस्र बुद्धांचे एक दालन आहे. त्याच्या फरशीवर ओळीने ४८ खळगे पडले आहेत. भिक्खूंनी पिढ्यानपिढ्या एकाच जागी पाय आपटून सराव केला, त्याचे हे खळगे, असे सांगतात. विहाराच्या पश्चिमेला स्तूपांचे बन आहे. थोर भिक्खूंच्या अस्थींवर बांधलेले विटांचे आणि दगडांचे दोनशेहून अधिक स्तूप एका ठिकाणी. तांग काळापासूनचे. दगडावर लिहिलेला भिक्खुसंघाचा हजार-बाराशे वर्षांचा इतिहासच म्हणा ना.

‘कुंग फू’ या शब्दाचा मूळ अर्थही मारामारी असा नाही. पुष्कळ वेळ आणि कष्ट घालून अंगात मुरवलेली कला, ती कुंग फू. साळखात्यात वीस-वीस वर्षे साच्यावर उभा राहिलेला कामगार तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडतो, तेही त्या अर्थाने कुंग फूच. हे मी गमतीने म्हणत नाही. चिनी माणूस स्वयंपाक्याच्या हातालाही हाच शब्द लावतो.

आग, जमीन आणि उजाड विहार

विसाव्या शतकात या विहाराचे फार हाल झाले. १९२० नंतर चीनमध्ये लष्करी सरदार एकमेकांशी लढत होते. शाओलिनचे भिक्खू त्यात एका बाजूला ओढले गेले. १९२८ साली शी यूसान नावाच्या सरदाराने सूड म्हणून विहाराला आग लावली. महत्त्वाची दालने, घंटाघर, नगारखाना आणि ग्रंथांचे भांडार जळून गेले. ही आग ४० दिवसांहून जास्त धुमसत होती असे सांगतात. नालंदाच्या ग्रंथालयाची आठवण आपल्याला येणार नाही तर काय! पण शिकण्यासारखे हेही आहे की काठी कितीही चांगली चालवता आली तरी बंदुकीपुढे आणि राजकारणापुढे तिचा उपयोग झाला नाही.

१९४९ च्या क्रांतीनंतर जमिनीचे वाटप झाले आणि देशभरच्या मोठ्या मठांच्या जमिनी कुळांना मिळाल्या. कसणाऱ्याला जमीन मिळाली, याला आपण वाईट म्हणू शकत नाही. पुढे १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीच्या नावाखाली तरुणांच्या टोळ्यांनी देवळे, विहार, ग्रंथ यांवर हल्ले केले. शाओलिनच्या भिक्खूंनाही अपमान सोसावा लागला. बरेचसे निघून गेले. शेवटी पडक्या भिंतींत मोजके म्हातारे भिक्खू राहिले. ते शेती करून पोट भरत, आणि चुपचाप वंदना करत. माझ्या मते शाओलिन जिवंत ठेवला तो या म्हाताऱ्यांनी. त्यांच्यावर सिनेमा कोणी काढला नाही.

एका सिनेमाने केलेली करामत

१९८२ साली ‘शाओलिन टेंपल’ नावाचा सिनेमा आला. त्यात ली लियानचे हा तरुण होता, ज्याला आपण जेट ली म्हणून ओळखतो. ६२१ सालच्या त्या भिक्खूंचीच गोष्ट, मसाला लावलेली. तो सिनेमा चीनमध्ये असा चालला की विचारू नका. आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि घराघरात चूल पेटायची पंचाईत झाली. तिकडे त्याच साली खेड्यापाड्यातली पोरं घर सोडून शाओलिनच्या वाटेला लागली. आम्हाला कुंग फू शिकवा, आम्हाला भिक्खू करा!

विहारात मोजके म्हातारे. एवढ्या पोरांना शिकवणार कोण? १९७८ सालीच लिउ बाओशान नावाच्या एका गावकरी उस्तादाने तिथे शाळा काढली होती. तिचे नाव तागोउ, म्हणजे ‘स्तूपांची घळ’. त्या स्तूपांच्या बनाजवळची म्हणून ते नाव. आसपासच्या गावांत हे खेळ पिढीजात होते. शेतकरी घरात बाप मुलाला, मामा भाच्याला शिकवत होता. विहार ओस पडला तेव्हाही गावात ही कला जिवंत राहिली. सिनेमानंतर अशा घराघरांतून शाळा निघाल्या. १९८३ साली सरकारने शाओलिनला देशातल्या प्रमुख बौद्ध विहारांच्या यादीत घेतले. लाखांनी माणसे येऊ लागली. १९८८ साली सरकारी कुंग फू केंद्रही विहाराजवळ उभे राहिले.

१९९० नंतर तर खोऱ्यात डझनावारी शाळा होत्या. विहाराच्या दारापर्यंत दोन्ही बाजूंनी शाळा, त्यांची वसतिगृहे, खानावळी, लॉज, तलवारी आणि काठ्या विकणारी दुकाने, फोटोवाले, गाईड. पहाटे पाचला पोरांची पथके धावायला निघत. मोकळ्या मैदानावर, रस्त्यावर, नदीच्या पात्रात, जिथे जागा मिळेल तिथे सराव चाले. खऱ्या उस्तादांबरोबर खोटेही आले. कोणीही डोके भादरून ‘मी शाओलिनचा’ म्हणून पाटी लावू लागला. फी भरून पोरगं शाळेत घातलं आणि फसलो, असे म्हणायची वेळ कित्येक आईबापांवर आली.

पण ही पोरं कोणाची होती? बहुतेक शेतकऱ्यांची आणि मजुरांची. आईबाप शहरात कामाला गेलेले, पोराकडे बघायला घरी कोणी नाही. अभ्यासात मागे पडलेला, गावात भांडणे करणारा मुलगा इथे आणून सोडत. सकाळ-संध्याकाळ व्यायाम, मधल्या वेळेत शाळेचे विषय. चार-पाच वर्षांनी पोरगा बाहेर पडला की सैन्यात, पोलिसांत, सुरक्षारक्षक म्हणून, नाहीतर सिनेमात मारामारीच्या कामाला. गरिबाच्या पोराला अंगाच्या बळावर मिळणारी ती भाकरी होती. जत्रा म्हणून हिणवणे सोपे आहे, पण त्या जत्रेत हजारो घरांची आशा उभी होती हे विसरता येत नाही.

नोटीस आली, बुलडोझर आला

विहारात तोपर्यंत नवा कारभार आला होता. शी योंगशिन नावाचे तरुण भिक्खू १९८७ पासून विहाराचा कारभार पाहू लागले आणि १९९९ साली रीतसर महास्थवीर झाले. त्यांचे म्हणणे असे की विहाराचा बाजार झाला आहे, भिक्खूला ध्यानाला बसायला शांतता नाही. डेंगफेंगच्या सरकारचे म्हणणे असे की या जागेला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत घ्यायचे असेल तर आजूबाजूची ही अस्ताव्यस्त बांधकामे चालणार नाहीत. युनेस्कोचा नियमच आहे की वारसास्थळ कसे जपणार ते दाखवावे लागते, आणि भोवतीचा परिसरही सांभाळावा लागतो.

दोघांचे एकमत झाले. २००० सालापासून पुढच्या तीन-चार वर्षांत खोरे रिकामे करण्यात आले. दुकाने गेली, लॉज गेले, शाळा गेल्या आणि त्याबरोबर गावकऱ्यांची घरेही गेली. १९९० नंतरच्या दिवसांत तिथे राहून शिकलेले परदेशी विद्यार्थी २००३ च्या सुमारास परत गेले तेव्हा त्यांना आपली जुनी गल्लीसुद्धा सापडली नाही. सगळे सपाट. त्या जागी झाडे लावली, हिरवळ केली, दगडी रस्ता केला. शाळा मुख्यतः डेंगफेंग शहरात आणि त्याच्या वेशीवर गेल्या. तिथे त्यांनी मोठमोठ्या इमारती बांधल्या.

हे बरे झाले की वाईट? दोन्ही बाजू मांडतो.

बरे झाले ते असे. हजार वर्षांचे विटांचे स्तूप, त्यांच्या आसपास घाण, धूर, गर्दी. ते थांबले. डोंगर दिसू लागला. १ ऑगस्ट २०१० रोजी युनेस्कोने डेंगफेंगच्या ऐतिहासिक वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात शाओलिनचा मुख्य विहार, स्तूपांचे बन आणि बोधिधर्मांच्या स्मरणार्थ बांधलेले चुझू मंदिर आहे. शाळांचेही काहीच भले झाले नाही असे नाही. मोठ्या शाळांना मोकळी मैदाने मिळाली. तागोउत आज ३० हजारांहून अधिक मुले शिकतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात २,००८ जणांनी एका लयीत जो ताई चीचा प्रयोग केला, ती मुले याच शाळेची.

आता वाईट. मोठा उस्ताद शहरात जागा घेऊ शकला. लहानाचे काय? ज्याच्याकडे तीस-चाळीस पोरं आणि भाड्याच्या दोन खोल्या, तो कुठून इमारत बांधणार? घराण्यात चालत आलेले वेगळे डाव अशाच लहान उस्तादांकडे असतात. मोठ्या शाळेत हजारो पोरांना एका शिट्टीवर एकच कवायत करावी लागते. तिथे ते वेगळेपण टिकणे अवघड. आणि गावकऱ्यांचे काय? ज्यांच्या घरात विहाराच्या पडत्या काळातही ही विद्या राहिली, त्यांनाच ‘अतिक्रमण’ म्हणून बाजूला व्हावे लागले. दारात चहाची टपरी होती तोवर पोट चालत होते. बारा किलोमीटर लांब खोली मिळाली तरी गिऱ्हाईक बरोबर येत नाही.

आपल्याला हे निराळे समजावून सांगायला नको. गिरणगावात आपण पाहिले आहे. चिमणी वारसा म्हणून जपून ठेवतात, तिच्यावर रात्री दिवे सोडतात. चिमणीखाली राबणारा माणूस मात्र वारशात मोजत नाहीत. गिरण्या बंद पडल्यावर जमिनीवर टॉवर आले आणि कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघायला २०१२ साल उजाडले. दगड-विटांच्या रक्षणाला माझा विरोध नाही. लेणी राखली नसती तर आपला इतिहास कुठे उरला असता? पण दगड राखताना माणसाचा हिशेब धरला पाहिजे, एवढेच म्हणणे.

आणखी एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. शाळा विहाराच्या दारातून गेल्या, म्हणजे मुले विहाराच्या नजरेबाहेर गेली. २५ जून २०२१ रोजी हेनान प्रांतातच, शाओलिनपासून बऱ्याच लांब, चचंग नावाच्या तालुक्यात एका कुंग फू शाळेच्या वसतिगृहाला पहाटे आग लागली. १८ जण मेले, त्यात बहुतेक लहान मुले. त्या शाळेचा विहाराशी संबंध नव्हता. पण ‘कुंग फू’ या नावाच्या विश्वासावरच आईबाप पोरांना सोडून जातात. ज्या नावावर विहार मोठा झाला, त्या नावाखाली शिकणाऱ्या मुलांची काळजी कोणी करायची, हा प्रश्न शाळा हलवून सुटत नाही.

बाजार हलला कुठे?

आता कळीचा मुद्दा. बाजार नको म्हणून शाळा हलवल्या. मग बाजार गेला का?

टपऱ्या गेल्या, पण तिकीट राहिले. विहाराच्या परिसरात जायला पैसे मोजावे लागतात, आणि त्या पैशातला वाटा विहाराला किती आणि सरकारी कंपनीला किती, यावरून दोघांत वाद झाले. खासगी शाळा गेल्या, पण सरकारी केंद्राचे पर्यटकांसाठीचे खेळ राहिले. ठरलेल्या वेळेला प्रयोग होतो, टाळ्या पडतात, पुढची बॅच आत येते. विहाराने स्वतःच्या कंपन्या काढल्या, ‘शाओलिन’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवले. २००९ च्या अखेरीस तर या स्थळाच्या पर्यटनाची कंपनी काढून तिचे शेअर बाजारात आणायचे अशी बातमी आली आणि देशभर ओरड झाली. महास्थवीरांना लोक ‘सीईओ भिक्खू’ म्हणू लागले. विहाराने अनाथ मुले सांभाळली, जगभर केंद्रे काढली, हेही खरेच आहे. चांगले ते चांगले म्हटले पाहिजे.

पण जुलै २०२५ मध्ये विहारानेच जाहीर केले की शी योंगशिन यांची पैशांच्या अफरातफरीच्या आणि शीलभंगाच्या आरोपांवरून चौकशी सुरू आहे. पाठोपाठ चीनच्या बौद्ध संघटनेने त्यांचे भिक्खू म्हणून प्रमाणपत्र रद्द केले. त्यांच्या जागी शी यिनले नावाचे भिक्खू आले. हे लोयांगच्या श्वेताश्व विहाराचे प्रमुख होते. त्या विहाराच्या आवारात सांचीच्या धर्तीवर भारतीय पद्धतीचे बुद्ध मंदिर आहे, आणि २०१० साली त्याचे उद्घाटन तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले होते. म्हणजे ४९५ साली सुरू झालेला आपला संबंध अजून तुटलेला नाही.

आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवेल, तो आपला विषय नाही. विषय असा, की ज्या कारभाराने ‘विहार बाजारापासून वाचवायचा’ म्हणून गरिबांच्या टपऱ्या आणि शाळा हलवल्या, त्या कारभाराच्या काळात बाजार विहाराच्या उंबरठ्याच्या आत आला. दाराबाहेरचा बाजार सगळ्यांना दिसत होता. पाच रुपड्याची काठी विकणारा उघड्यावर बसला होता. आतला बाजार दिसायला पंचवीस वर्षे लागली.

आपण काय घ्यायचे

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच एक प्रश्न टाकला आहे. भगवंतांनी भिक्खू निर्माण केला तो कशासाठी? स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून, की समाजाचा सेवक म्हणून? आणि धम्माचे भवितव्य या उत्तरावर अवलंबून आहे, असे त्यांनी बजावले. शाओलिनचा सगळा इतिहास या एका प्रश्नावर घासून बघा. ध्यानासाठी शांतता हवी, हे मान्य. पण ती शांतता आजूबाजूच्या पोराबाळांना हलवून मिळवायची की त्यांच्यासकट मिळवायची? खोटे उस्ताद दूर करायला हवेच होते. पण खऱ्यांना, लहानांना हाताशी धरून, विहाराच्या शिस्तीत त्यांच्या शाळा चालवता आल्या असत्या. पोरांना काठीबरोबर शील शिकवता आले असते. शीलाशिवाय बळ म्हणजे गुंडगिरी, हे आपल्या गल्लीतही दिसते.

आपला विहार लहान आहे. त्याला युनेस्को येणार नाही आणि त्याचे शेअरही निघणार नाहीत. पण प्रश्न तेच आहेत. विहाराच्या ओट्यावर पोरं कराटे खेळतात, गोंधळ करतात, फरशी घाण होते, म्हणून कोणी म्हणतं त्यांना हाकला. विहार स्वच्छ राहील, शांत राहील. राहील ना! पण मग तिथे बसणार कोण? आपण चार म्हातारे? पोरांना वेळ नेमून द्या, वंदनेच्या वेळी बंद ठेवा, मास्तराची पारख करून घ्या, मुलींचाही वर्ग काढा. सराव संपला की अर्धा तास अभ्यासिकेत बसवा. आणि विहाराचा पै-पैचा हिशेब दर पौर्णिमेला फळ्यावर लिहा, म्हणजे आतला बाजार सुरूच होणार नाही.

सहस्र बुद्धांच्या दालनातले ते ४८ खळगे सांगतात की तिथे कधीकाळी माणसं राबली. आपल्या विहाराच्या फरशीवरही पोरांच्या पायांनी खळगे पडू देत. फरशी पुन्हा बसवता येते.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जय भीम!